चिखलीच्या हत्तिणीचा पळपुटा गॅस

"कुटं हाय तो मिशीवाला? भाईर काढा त्येला! आज त्याची मिशी तरी ऱ्हाईल, न्हाईतर ह्ये दुकान तरी!"

नानांचा आवाज इतका मोठा होता की चिंचवड स्टेशनात तासभर अडकून पडलेली मालगाडी सिग्नलची वाट न बघता निघून गेली. शपथेवर सांगत नाही, पण गाडी त्याच मिनिटाला निघाली हे खरं आहे. मी त्या वेळी एका डॉक्टरांच्या फ्रीजच्या मागे उकिडवा बसलो होतो आणि काही दिवस तिथेच बसून राहावं असा माझा विचार चालला होता.

पण दुकानात एकदम अंधार झाला. दारात गाडी आडवी लागली होती. अठरा फूट लांब, पांढरी, मागे माशासारखे दोन पंख असलेली जुनी अमेरिकन गाडी. अख्खी चिखली तिला हत्तीण म्हणायची. तिच्यातून नाना उतरले. धोतर अंगाला चिकटलेलं, फेटा हातात. त्यांनी तो फेटा माझ्या उंबऱ्यावर पिळला, आणि त्यातून निघालेल्या पाण्यात एक शेर तांदूळ शिजला असता.

"गारगाडी म्हनं!" नाना म्हणाले. "चिखलीपासनं हितवर काचा लावून आलोय. उकडीच्या मोदकावानी झालोय आतल्या आत. तुजा गॅस कुटं गेला, सांग!"

मागे त्यांचा ड्रायव्हर म्हादबा हात जोडून उभा होता. आयुष्यभर बैलगाडी हाकलेला माणूस. अजूनही गिअर टाकताना जिभेने टक् टक् करायचा.

"नाना, बसा तरी. चहा सांगतो," मी म्हणालो.

"च्या पितो, पर उबा ऱ्हाऊन. तू काय बोलला व्हतास होळीला? ह्या म्हादबाच्या देखत?"

आता मी काय बोललो होतो ते सांगावंच लागेल.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं होतं, 'तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा, पण जन्मापासून सुरुवात करू नका.' बरं झालं. जन्म माझा उस्मानाबादेकडे झाला आणि तिथे गार एवढी एकच गोष्ट असायची, ती म्हणजे रांजणाचा तळ. बासष्ट साली पिंपरीला आलो आणि औषधांच्या एका कंपनीत कोल्ड रूमवर हेल्पर म्हणून चिकटलो. बाहेर मे महिना, आत डिसेंबर. कंपनीने लोकरीचा कोट दिला होता. तो घालून मी दुपारी कँटीनला गेलो की नवे कामगार मला वेडा समजून जागा करून द्यायचे. तिथे दहा-बारा वर्षांत गॅस, कॉम्प्रेसर, पाइप हे सगळं हाताला कळायला लागलं. आणि मग मला अक्कल सुचली. कायमची नोकरी सोडून स्टेशनरोडला पत्र्याची शेड घेतली आणि वर पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत पाटी लावली: काश्मीर कूलिंग वर्क्स.

आमच्या कुसुमने पाटी बघितली आणि विचारलं, "काश्मीर बघितलंय का तुम्ही?" एवढंच. पुढे आठ दिवस बोलली नाही.

त्या काळात आमच्या सगळ्या पट्ट्यात, निगडीपासून पार चाकणपर्यंत, एसी असलेल्या मोटारी हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. त्यातल्या तीन माझ्याकडे यायच्या. कारखान्यांच्या मोठ्या साहेबांच्या दोन आणि नानांची हत्तीण. साहेब लोक मेकॅनिक शोधत नसतात, त्यांचे ड्रायव्हर शोधतात, आणि हे सगळे ड्रायव्हर स्टेशनरोडला एकाच टपरीवर विड्या ओढायचे. ती टपरी माझ्या दुकानासमोर. म्हणजे माझी अब्रू रोज सकाळ-संध्याकाळ त्या बाकड्यावर बसलेली असायची.

नाना चिखलीचे बागायतदार. जमीन कारखान्यांसाठी गेली, तेव्हा भाऊबंदांनी कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी चाळ बांधली. नानांनी मुंबईच्या कुण्या शेटजीकडून ही हत्तीण घेतली. कारण एकच: तिच्यात थंडी होती. चिखलीत त्या वेळी पंखासुद्धा नवलाचा होता आणि नानांकडे चाकांवर फिरणारी थंडी. पाहुणे आले की नाना त्यांना गाडीत बसवून काचा वर करायचे आणि समोरून चेहऱ्याकडे बघत राहायचे. पाहुण्याने एकदा खांदे आक्रसले की नाना तृप्त. मग लगेच एसी बंद. उगाच झिजायला नको.

झिजायला नको! इथेच पहिली गोम होती.

या धंद्याबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे, तो आधी काढतो. गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच तोच गॅस गोल गोल फिरतो. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो, आत डॅशबोर्डाखालच्या कॉइलमध्ये मोकळा सुटतो आणि गार पडतो, आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे परत. घाण्याच्या बैलासारखा. तो कुठे जात नाही. गेला असेल, तर कुठेतरी भोक आहे. पण पुण्यातले माझे थोर समव्यावसायिक दर उन्हाळ्यात नानांना सांगायचे, 'गॅस संपला, भरून देतो', आणि भरायचे. तो महिनाभर टिकायचा. नानांना वाटायचं, सायकलच्या हवेसारखंच असतं हे.

मी होळीच्या सुमाराला हत्तीण पहिल्यांदा बघितली आणि छाती पुढे काढून म्हणालो, "नाना, मी गॅस भरत नसतो. मी भोक शोधतो."

"शोध बाबा. येवड्या मोट्या जनावरात भोक शोधायचं म्हंजी…" नाना म्हणाले, आणि पुढचं जे बोलले ते दिवाळीच्या अंकात छापता येणार नाही.

भोक शोधायचे तेव्हा तीन मार्ग होते. पहिला डोळ्यांचा. गॅसबरोबर थोडं तेल फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथे तेलाचा ओशट डाग पडतो, त्यावर धूळ बसते. दुसरा साबणाचा. सांध्यावर फेस लावायचा आणि बुडबुडा येतोय का ते बघत बसायचं. आणि तिसरं माझं ब्रह्मास्त्र, टॉर्च. ही बॅटरी नव्हे. छोटी शेगडीच म्हणा. तिच्या ज्योतीपाशी तांब्याची चकती असते आणि खालून एक रबरी नळी लोंबत असते. ती नळी सांध्यापाशी फिरवायची. गॅस गळत असेल तर नळीतून तो ओढला जातो आणि निळी ज्योत पोपटासारखी हिरवी होते. भरपूर गॅस असला तर ज्योत अशी पेटते, आणि नाकाला अशी झोंबते, की भोक सापडल्याचा आनंद बाहेर पळत जाऊन करावा लागतो.

टॉर्च कॉम्प्रेसरच्या तोंडाशी नेली मात्र, ज्योत हिरवीगार! कॉम्प्रेसरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे एक सील असतं. ते तेलाने ओलं राहिलं तरच घट्ट बसतं. गाडी महिनोन्‌महिने एसी न लावता फिरवली की सील कोरडं पडतं, तडकतं, आणि गॅस गुपचूप निघून जातो. नाना काटकसर करत होते आणि काटकसरीतूनच गॅस गळत होता.

नवं सील मिळायला गाडी अमेरिकेलाच न्यावी लागली असती. मी जुनंच काचेवर पॉलिशची पेस्ट लावून दोन दिवस घासलं. इतकं घासलं की त्यात तोंड बघून मिशी विंचरता आली. सील जिच्यावर टेकतं ती बसकणीची रिंग कंपनीतल्या एका टर्नर मित्राने लेथवर ओढून दिली. कॉम्प्रेसरकडे परत येणारा मूळचा रबरी पाइप कुजला होता, तोही मिळेना. तिथे मी तांब्याची नळी वळसे देऊन बसवली, टोकाला पितळी नट आवळले. नळी हलू नये म्हणून मध्ये एक पट्टी हवी होती. ती मी माझ्या जुन्या पाटीच्या तुकड्यातून कापली. पहिली पाटी वळवाच्या वाऱ्याने दुमडून टाकली होती, तिचा पत्रा पट्ट्या कापायला उत्तम.

गाडी सुरू केली, आणि काय सांगू! आत इतकं गार झालं की म्हादबाने धोतराचा सोगा डोक्यावर घेतला. मी नानांना बजावलं, "आता एसी रोज चालवायचा. गरज असो नसो. निदान पाव तास."

"थंडीत पन?"

"थंडीत पण."

"म्हंजी हिवाळ्यात काचा लावून, हिव सोडून, आमी कुडकुडत बसायचं? तुज्या डोस्क्यावर गॅस गेलाय का?"

"नाना, माझं ऐका. रोज चालवलात, आणि तरी पावसाळ्याच्या आत गॅस हलला, तर ही मिशी अर्धी उतरवतो. तुमच्या चिखलीच्या पारावर बसून!"

माझी मिशी त्या काळी पाहण्यासारखी होती. दोन्ही टोकांना दोन लिंबं ठेवा, पडणार नाहीत. तेव्हा हा शब्द किती मोठा होता ते कळेल.

आणि आता वैशाखात नाना माझ्या दारात फेटा पिळत होते.

चहाचा कप खाली ठेवून नानांनी निकाल सांगितला. "आट दिस देतो. आट दिसांत गॅस कुटनं जातो ते दावलं न्हाईस, तर मिशी तर काडायचीच. वर ही हत्तीण हितंच, तुज्या दारात आडवी लावनार. तिच्यावर पाटी लावनार: 'ह्या मानसानं दुरुस्त केलेली गाडी.' पावसाळाभर ऱ्हाऊ दे."

समोरच्या बाकड्यावर सहा ड्रायव्हर बसले होते. त्यांच्या विड्या विझल्या तरी कुणी पुन्हा पेटवल्या नाहीत. माझं काय पणाला लागलंय हे त्यांना कळलं होतं. एक आठवडा ती पाटी दारात राहिली असती तर उरलेल्या दोन गाड्या पुण्याला गेल्या असत्या, आणि मी लोकरीचा कोट मागायला कंपनीच्या गेटावर. गेटावरच्या साहेबांनी मी नोकरी सोडताना प्रेमाने सांगितलं होतं, 'परत येऊ नकोस.'

मी कामाला लागलो. गॅस भरून हत्तीण दोन दिवस शेडमध्ये ठेवली. टॉर्च फिरवली. सील? ज्योत निळी. पुढची जाळी? निळी. आतली कॉइल? निळी. सगळे नट? निळे. फेस इतका लावला की हत्तीण दाढीला बसल्यासारखी दिसत होती. एक बुडबुडा नाही. तेलाचा डाग बघावा तर इंजिन आरशासारखं स्वच्छ.

"म्हादबा, इंजिन इतकं चकाचक कसं?"

"मालक, तुमच्याकडं आनायची म्हनल्यावर घासून फुसून आनतो की. राकेलच्या बोळ्यानं. डाक्टरकडं जाताना आंगूळ नगं करायला?"

म्हणजे होता नव्हता तो पुरावा हा भला माणूस दर वेळी रॉकेलने धुऊन आणत होता! आणि दाबाचं गेज बघितलं तर दोन दिवसांत काटा केसभर हलला नव्हता. माझ्या शेडमध्ये हत्तीण पतिव्रता होती. चिखलीला गेली की गॅस पळत होता.

डॉक्टरांकडे गेल्यावर दुखायचं थांबतं ना, तशातलाच हा प्रकार. यावर एकच इलाज. पेशंटच्या घरी जाऊन राहायचं. पाचव्या दिवशी मी नानांना निरोप दिला: 'मी गाडीबरोबर येतो. दिवसभर ती काय करते ते बघतो.'

"बगा की," नाना म्हणाले. "जेवायला पन या. मिशी शेवटची जेवतीय, पुरनाचं करतो."

म्हादबाने मला चिखलीला नेलं. त्या रस्त्यावर खड्डे नव्हते. खड्ड्यांत मधूनमधून रस्ता होता. एसी चालू, काचा वर, मी बॉनेटकडे कान लावून. काही नाही. गार हवा, गुणी कॉम्प्रेसर. मात्र म्हादबा सारखा आरशातून माझ्याकडे बघत होता आणि गिअर टाकताना जिभेने टक् टक् करायचं विसरत होता. चोराच्या मनात काही असेल तर तो बैलाशीही बोलत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुरण खाल्लं. नाना घोरू लागले. मी अंगणातल्या चिंचेखाली बाज ओढून डोळे मिटले. झोपलो नव्हतो. माझी झोप मी कंपनीतच सगळी संपवून आलो होतो.

घरातून नानांच्या आई बाहेर आल्या. त्यांना सगळे थोरली म्हणत. ऐंशीच्या पुढे वय, कमरेत वाकलेल्या, पण नजर घारीची. माझ्या पहिल्या दुरुस्तीच्या वेळी त्या हत्तिणीच्या मागोमाग बैलगाडीतून आल्या होत्या. चिंचवडच्या देवाला जायचं होतं, ते राहिलं बाजूला, दिवसभर माझ्या शेडमध्ये पोत्यावर बसून माझे हात बघत होत्या. एक शब्द बोलल्या नव्हत्या. गाडीतली थंडी त्यांना मुळीच मंजूर नव्हती. "मढं ठिवत्यात तसलं गार," असं त्यांचं मत. त्या आत कधी बसल्याच नव्हत्या.

थोरलीच्या हातात पितळी चरवी होती. झाकणाची, गळ्यापर्यंत भरलेली, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली.

"म्हाद्या," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "निजलाय का त्यो?"

"निजलाय."

"मंग कर चालू. घसा वाळलाय माजा."

म्हादबाने आवाज न करता बॉनेट उचललं. हत्तिणीच्या बॉनेटखाली एखाद्याने संसार थाटला असता एवढी जागा. चरवी त्याने आत नेली, कशाला तरी अडकवली, बॉनेट लावलं, आणि गाडीत बसून इंजिन चालू केलं. थोरली पायरीवर टेकल्या. अर्धा तास हत्तीण नुसती उभ्या उभ्या धडधडत राहिली. मग म्हादबाने चरवी काढली, थोरलीने एक घोट घेतला, आणि त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते कोल्ड रूमच्या आमच्या मोठ्या साहेबाला कधी लाभलं नसेल. मागोमाग शेजारच्या तीन घरांतून फुलपात्रं घेऊन बायका आल्या. एकीने तर आपला नंबर लागावा म्हणून भांडं ठेवलं. चिखलीच्या निम्म्या आळीचा माठ माझ्या एसीवर चालला होता!

मग मला सगळं लख्ख दिसलं. कॉम्प्रेसरकडे परत येणारी माझी तांब्याची नळी बर्फासारखी गार असते. तिच्यावर दव साचतं, पाणी ठिबकतं. मीच सांगितलं होतं, रोज चालवा. म्हादबा रोज चालवायला लागला, त्याला नळी घामेजलेली दिसली, त्याने ते थोरलीला सांगितलं, आणि थोरलीने विचार केला असणार की एवढा गारवा वाया का जाऊ द्यायचा? नळीला चरवी टांगली. पाच शेर पाण्याचं ओझं नळीवर, खाली चिखलीचे खड्डे, कारण ही चरवी शेतावरही जात होती. ओझ्याने नट किंचित वाकडा व्हायचा आणि गॅस निसटायचा. माझ्याकडे येताना म्हादबा चरवी काढून, रॉकेलने पुसून आणायचा. ओझं गेलं की नट आपल्या जागी, आणि हत्तीण पुन्हा पतिव्रता.

मी तिथल्या तिथे उठून 'सापडलं' म्हणायला हवं होतं. पण मिशी माझी, अपमान माझा, तर सन्मानही चारचौघांत झाला पाहिजे की नको? मी म्हादबाला हाताला धरलं. "चरवी भर. पुन्हा लाव. आणि नानांना उठव."

अर्ध्या तासात अंगणापुढच्या पारावर अख्खी आळी जमली. न्हावीसुद्धा धोपटी घेऊन आला होता. त्याला कुणी बोलावलं होतं ते मी विचारलं नाही. मी मदाऱ्यासारखा मधोमध उभा राहिलो, टॉर्च पेटवली, आणि बॉनेट उघडलं.

"मंडळी! ही चरवी बघा आणि ही ज्योत बघा."

टॉर्चची रबरी नळी नटापाशी नेली. ज्योत भस्सकन हिरवी! गर्दी एक पाऊल मागे सरली. एका म्हातारबुवांनी हात जोडले. मी चरवी तळहातावर उचलून धरली. ज्योत निळी. सोडली, हिरवी. उचलली, निळी. असं मी गरजेपेक्षा बरंच जास्त वेळा केलं.

"नाना, तुमचा गॅस हा असा गेला. या मिशीचा काही गुन्हा नाही!"

नाना म्हादबावर धावले. "म्हाद्या! भाड्या! मी तिकडं उकडून मरतोय, आन् तू माज्या गाडीचा रांजण केला व्हय? चल हो भाईर, उद्यापास्नं दिसू नगंस!"

म्हादबाने हात जोडले. मान खाली.

"त्येला कशापायी वरडतो?" थोरली पायरीवरून म्हणाल्या. "म्या सांगितलं बांधाया. मला बोल."

आईला बोलणार कसं? नानांनी राग गिळला, आणि गिळलेला राग दुसरीकडून निघावा म्हणून विचारलं, "आन् बांदली कशानं?"

"पट्टीनं," म्हादबा पुटपुटला.

मी वाकून बघितलं, आणि वैशाखाच्या उन्हात मला कोल्ड रूममधला डिसेंबर आठवला. चरवीचा गळा नळीला ज्या पट्टीने आवळला होता ती पिवळी होती. तिच्यावर लाल रंगात एक मोठा 'का' होता.

आता खरं सांगतो. इतकी वर्षं कुणाला लिहून दिलेलं नाही. होळीच्या त्या दिवशी शेवटी सगळे नट आवळताना मी ती आधाराची पट्टी काढून बॉनेटच्या कडेवर ठेवली होती. नाना निघायची घाई करत होते. मी बॉनेट लावलं, मिशीची पैज मारली आणि गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी खिशात तिचा स्क्रू सापडला. हातात घेऊन मिनिटभर बघितला. चिखलीला जाऊन पट्टी बसवून यायचा रस्ता तो किती! पण म्हणालो, टिकेल. तो स्क्रू डब्यात टाकला. कोल्ड रूममध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की पाइप आधाराशिवाय सोडायचा नाही. मी सोडला. पट्टी जागेवर असती तर चरवीच काय, थोरलीला स्वतःला टांगलं असतं तरी नट हलला नसता.

मी चरवी काढायच्या निमित्ताने पट्टी सोडवली आणि अलगद खिशाकडे नेली.

"ती पट्टी तुजीच हाय न्हवं?" थोरली म्हणाल्या. "तू काडून ठिवलीस, आन् परत लावलीच न्हाईस. म्या बघत व्हते की."

पोत्यावर बसून दिवसभर बघत होत्या, ते हे!

"मग तेव्हाच का नाही बोललात, आजी?"

"मला वाटलं, जास्तीची आसंल. तुला कळतंया त्यातलं."

या एका वाक्याने मला जे लागलं ते नानांच्या सगळ्या शिव्यांनी लागलं नव्हतं. गर्दीत शाळेचे मास्तर होते. त्यांनी पट्टी हातात घेतली, 'का' वाचला, उलटी करून पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काश्मीरचा वाटतं?"

त्यानंतर जो हशा उठला तो भोसरीला ऐकू गेला. न्हाव्याने वस्तरा चामड्यावर घासायला घेतला होता. मी पळालो नाही. पारावर बसलो, मान वर केली आणि म्हणालो, "डावी काढ. उजवीकडून मी फोटोत बरा दिसतो."

नानांनी तो हशा संपेपर्यंत वाट बघितली. मग माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. "मिशी घेतली. आता दुकानाचं बोलू. उद्या संद्याकाळपत्तूर गाडी गार करून दे. थोरलीला आत बसवनार. आजवर तिनं पाय ठिवला न्हाई. तिला हिव भरलं, तर तुजं दुकान ऱ्हाईल. न्हाईतर हत्तीण तुज्या दारात."

"आणि म्हादबा?"

नानांनी हत्तिणीकडे बघितलं. "म्हाद्या कुटं जातोय. त्याच्याबिगार ही हत्तीण कुनाच्यानं हाकवंल?"

अर्ध्या मिशीने घरी गेलो. कुसुमने दार उघडलं, नीट बघितलं आणि म्हणाली, "उरलेली काढा, नाहीतर त्या बाजूने घरात येऊ नका." पण मी काढली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर गर्दी झाली. बाकड्यावरचे सहा ड्रायव्हर होतेच, आणखी बारा आले. एका कारखान्याची बस तर मला बघायला थांबली, आणि ती बस पहिल्या पाळीची होती, म्हणजे त्या दिवशी देशाचं उत्पादन माझ्या मिशीने घटलं. त्या गर्दीतच मी नळीचं वाकलेलं तोंड कापून, नटात चपखल बसेल असं नव्याने फुलवलं, नट आवळला, आणि पट्टी बसवली. एक नाही, दोन पट्ट्या. 'का' आणि शेजारी 'श्मी'. गॅस भरला. चरवीत पाणी भरून नळीवर मुद्दाम टांगली आणि तासभर टॉर्च धरून बसलो. ज्योत निळीच्या निळी.

तिसऱ्या प्रहरी हत्तीण चिखलीला नेली. पारावर कालचीच मंडळी. नानांनी स्वतः दार उघडून थोरलीला मागच्या गादीवर बसवलं आणि शेजारी बसले. थोरली मांडीवर नुकतीच भरलेली चरवी घेऊन बसल्या, आज ती नळीवर नव्हती. काचा वर केल्या. मी पुढे बसून एसीचा खटका शेवटपर्यंत फिरवला. पाच मिनिटांत काचांच्या बाहेरून दव धरलं. दहा मिनिटांत नानांचे दात वाजायला लागले, आणि त्यांनी फेट्याचा शेला करून अंगाभोवती घेतला. म्हादबाने सोगा डोक्यावर घेतला. माझी उरलेली अर्धी मिशी ताठ झाली.

"बास, बास!" नाना कुडकुडत म्हणाले. "ऱ्हाऊ दे तुजं दुकान. आये, आता तू सांग समद्यांना. कसं काय वाटतंया?"

नानांनी काच खाली केली. बाहेर सगळी आळी कान देऊन उभी होती.

थोरलीने चरवीचं झाकण काढलं, एक घोट घेतला, आणि झाकण परत लावलं.

"पानी कोमट हाय."